दोन गोळ्या

मराठीत ‘गोळी’ हा एकच शब्द आपण दोन गोष्टींसाठी वापरतो. एक बंदुकीतली, एक औषधाची. ‘एका शब्दाचे दोन अर्थ सांगा’ असा प्रश्न आला की वर्गातली मुलं हे उदाहरण हमखास द्यायची. गेले काही महिने घोड्याच्या आजारपणाचा इतिहास जमेल तसा वाचते आहे, आणि या प्राण्याच्या बाबतीत हे दोन अर्थ एकमेकांच्या किती जवळ उभे आहेत, हे पाहून थक्क व्हायला होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी घोड्याला काही विशिष्ट संसर्ग झाला की त्यावर एकच इलाज होता, आणि तो बंदुकीतून यायचा. औषधाची गोळी फार उशिरा आली. आली तीही अडखळत, कारण माणसाला बरी करणारी गोळी घोड्याला मारूही शकते!

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. आपल्या इतिहासात घोडा पानोपानी आहे. अमक्या लढाईत इतके हजार स्वार, तमक्या तहात इतके घोडे. भीमथडीच्या तट्टांचं कौतुकही सगळ्यांना ठाऊक असतं. क्रमिक पुस्तकात घोड्याचा आकडा असतो, पण त्याचं आजारपण नसतं. जखम चिघळली, गळू झालं, छातीत पू झाला, तर पुढे काय? स्वाराचं सगळं नशीब त्या चार पायांवर असताना हा प्रश्न काही लहान नव्हता.

आपल्याकडे घोड्याच्या वैद्यकाला शालिहोत्र म्हणतात, ते शालिहोत्र ऋषींच्या नावावरून. उत्तर हिंदुस्थानात घोड्याच्या वैद्याला सालोत्री म्हणत, तो याच शब्दाचा अपभ्रंश. महाभारतात अज्ञातवासाच्या वर्षी नकुल ‘ग्रंथिक’ हे नाव घेऊन विराटाच्या घरी घोड्यांची देखभाल करतो, हे सर्वांना माहीत आहेच. नकुलाच्या नावावर अश्वचिकित्सेचा एक ग्रंथही सांगितला जातो. सांगायचा मुद्दा असा, की घोड्याला औषध देण्याची विद्या आपल्याला नवी नाही. पण ते औषध तोंडावाटे देणं पूर्वीपासूनच जिकिरीचं. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, तोंडाने नाही. शिवाय त्याला उलटी करता येत नाही, कारण जठराच्या तोंडाशी असलेला स्नायूचा पट्टा इतका घट्ट असतो की एकदा आत गेलेलं परत वर येत नाही. म्हणजे पातळ औषध पाजताना ते श्वासनळीत गेलं तर फुप्फुसाला धोका, आणि पोटात गेल्यावर चुकीचं निघालं तर ते बाहेर काढायची निसर्गाने सोयच ठेवलेली नाही. म्हणून जुने लोक औषध कुटून, पिठात किंवा गुळात मळून, त्याचा गोळा करून भरवत. औषधाची ‘गोळी’ मुळात अशीच, हाताने वळलेली.

आता बंदुकीच्या गोळीकडे येऊ. ग्लँडर्स नावाचा एक रोग आहे, मराठीत त्याला शेंबा म्हणतात. नाव ऐकून हसू येतं, पण रोग भयंकर. घोडा, गाढव, खेचर यांना होतो. नाकात व्रण पडतात, चिकट स्राव वाहतो, फुप्फुसात गाठी होतात. कधी कातडीखाली दोरीला मणी ओवावेत तशी गळवं उठतात, त्या प्रकाराला इंग्रज ‘फार्सी’ म्हणत. आणि हा रोग घोड्याकडून माणसालाही होतो. मोतद्दार, टांगेवाला, स्वार, घोड्याचा डॉक्टर, सगळेच धोक्यात. १८८२ साली बर्लिनमध्ये लोफ्लर आणि शुट्झ या दोघांनी त्याचा जंतू शोधून काढला. पुढे १८९०-९१ च्या सुमारास हेल्मन आणि कालनिंग या रशियातल्या पशुवैद्यांनी त्या जंतूपासून ‘मॅलीन’ तयार केलं. ते टोचल्यावर सूज आली की घोडा बाधित, अशी ती परीक्षा. या कामातच कालनिंग यांना शेंबा झाला आणि ते त्यात गेले. परीक्षा मिळाली, पण औषध नाही!

नेमक्या याच काळात आपलं पुणे या कथेत येतं. १८८९ साली पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख. हिंदुस्थानात जनावरांच्या जंतुजन्य रोगांचं शास्त्रशुद्ध संशोधन करणारी ही पहिली संस्था, आणि ती पुण्यात सुरू झाली, हे पुण्यातल्याही फार थोड्या लोकांना माहीत असेल. भयंकर संसर्गाचे जंतू भरवस्तीजवळ नकोत म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली. आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच. लिंगार्ड यांनी घोड्यांच्या ‘सरा’ या रोगावर बरंच काम केलं. तो जंतूंचा नव्हे, रक्तात वाढणाऱ्या परोपजीवीचा आजार, पण घोडा पटापट मरे, आणि लष्कराला घोडा हवा होता.

लष्कराला आणि शहरांना घोडा हवा होता म्हणूनच १८९९ मध्ये सरकारने ‘ग्लँडर्स अँड फार्सी’ कायदा केला. बाधित जनावर सापडलं की ते ताब्यात घ्यायचं आणि नष्ट करायचं. यात क्रौर्य नव्हतं, नाइलाज होता. एका घोड्यामुळे अख्खा तबेला जाई आणि त्याबरोबर मोतद्दारही. पण ज्याची सगळी मिळकत त्या एका टांग्याच्या घोड्यावर असेल, त्याने सरकारी माणूस दारात आल्यावर काय केलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

मधे एक विचित्र प्रकरण घडलं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. घोड्याच्या तोंडावाटे औषध देण्याच्या आधी माणसाने तोंडावाटे रोग देऊन पाहिला! पहिल्या महायुद्धात मित्रराष्ट्रांच्या तोफा आणि गाड्या ओढायला घोडे-खेचरं लागत. ती वाटेतच मरावीत म्हणून जर्मनीने हस्तक पाठवले. अँटन डिल्गर हा अमेरिकेत जन्मलेला डॉक्टर. त्याने १९१५ मध्ये वॉशिंग्टनजवळ चेव्ही चेस इथे घराच्या तळघरात शेंब्याचे आणि अँथ्रॅक्सचे जंतू वाढवले, आणि ते युरोपला जाणाऱ्या जनावरांना देण्याचा उद्योग केला. १९१७ मध्ये नॉर्वेत बॅरन फॉन रोझेन पकडला गेला, तेव्हा त्याच्या सामानात साखरेचे खडे मिळाले. आत अँथ्रॅक्सचे जंतू भरलेल्या बारीक काचेच्या नळ्या! घोड्याला साखर आवडते, आणि प्रेमाने पुढे केलेल्या तळहातावर तो विश्वास ठेवतो. ते खडे तिथल्या पोलिसांच्या संग्रहालयात राहिले आणि १९९७ मध्ये, ऐंशी वर्षांनी, त्यातले जंतू पुन्हा जिवंत करून दाखवता आले. असो.

औषधाचं युग सुरू झालं ते सल्फापासून. गेरहार्ड डोमाक यांनी १९३२ मध्ये प्रोंटोसिल या लाल रंगद्रव्याचा गुण पाहिला आणि १९३५ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या हाताला झालेला संसर्गही त्यानेच बरा झाला. त्या रंगद्रव्यातला काम करणारा भाग म्हणजे सल्फानिलामाइड, हे लगेच पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये कळलं. पेनिसिलिन फ्लेमिंगना १९२८ मध्ये दिसलं होतं, पण ते माणसाला टोचण्याइतकं हाती आलं १९४१ मध्ये, ऑक्सफर्डला. तो पहिला रुग्ण एक पोलीस होता. त्याच्या लघवीतून पेनिसिलिन परत काढून त्याला पुन्हा दिलं, तरी साठा संपला आणि तो गेला. एका माणसाला पुरेल इतकंही औषध तेव्हा जगात नव्हतं. मग घोड्याचं काय! घोड्याला पेनिसिलिनची मात्रा दर किलो वजनामागे साधारण २२,००० युनिट धरतात. ४५० किलोच्या घोड्याला एका वेळी ९९ लाख, म्हणजे जवळजवळ एक कोटी युनिट! पेनिसिलिन कारखान्यांतून टनांनी निघू लागेपर्यंत घोड्याने वाट पाहण्याला पर्यायच नव्हता.

या ओघात पिंपरीची आठवण येते. स्वतंत्र भारताचा पहिला सरकारी प्रतिजैविक कारखाना, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९५४ मध्ये तिथे स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिन तयार करू लागला. त्याच पिंपरीत हाफकिनचे घोडे आहेत. त्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरची लस बनते. म्हणजे एकाच गावात माणसासाठी रक्त देणारे घोडे आणि दोघांनाही वाचवणारं औषध. गावाच्या इतिहासात हे शेजारीशेजारी लिहायला हवं, असं मला फार वाटतं.

पण पेनिसिलिन घोड्याला मिळालं ते मानेच्या नाहीतर मांडीच्या स्नायूत, सुईने. तोंडाने नाही. आणि इथूनच खरी गोष्ट सुरू होते.

गाय आणि घोडा दोघेही गवत खातात, पण गवत पचवतात वेगवेगळ्या ठिकाणी. गवतातला तंतू फोडणारे जंतू गाईच्या पोटात सुरुवातीलाच, मोठ्या कोठीपोटात असतात. घोड्याचं जठर मात्र त्याच्या देहाच्या मानाने लहान, ८ ते १५ लिटरचं. त्याची खरी भट्टी मागच्या बाजूला आहे. आपल्या आंत्रपुच्छाच्या जागी जी एवढीशी पिशवी असते, तिचा घोड्यात सुमारे ३० लिटरचा हौद झालेला असतो. त्याला अंधनाल म्हणतात. त्यापुढचं मोठं आतडं तर दुपटीहून मोठं. तिथे अब्जावधी जंतू अहोरात्र काम करतात आणि घोड्याला धावायला लागणाऱ्या शक्तीचा मोठा वाटा तयार करून देतात. घोडा एकटा जगतच नाही म्हणा ना, तो आणि त्याचे जंतू मिळून जगतात.

आता या भट्टीत प्रतिजैविक टाकलं तर? आपण घेतो ते अमॉक्सिसिलिन मोठ्या घोड्याच्या रक्तात फारच थोडं पोचतं. उरलेलं मागच्या आतड्यात उतरतं आणि कामावरच्या जंतूंना मारतं. मग एरवी दबून असलेले विषारी जंतू माजतात, आतडं सुजतं, घोड्याला जुलाब लागतात आणि काही वेळा एक-दोन दिवसांत तो आडवा होतो. १९७० च्या दशकात टेट्रासायक्लिननंतर घोडे असे गेल्याच्या नोंदी पशुवैद्यकीय नियतकालिकांत येऊ लागल्या. लिंकोमायसिन तर त्याहून वाईट. दुसऱ्या जनावरांसाठी बनवलेल्या खाद्यातलं लिंकोमायसिन चुकून घोड्यांच्या पोटात गेलं आणि घोडे दगावले. कोंबड्यांच्या आणि गुरांच्या खाद्यात घालतात ते मोनेन्सिन वेगळ्या वाटेने मारतं, ते घोड्याच्या हृदयाचे स्नायू खराब करतं. ज्यांच्या घरी घोडा किंवा तट्टू आहे त्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की गुराचं किंवा कोंबडीचं तयार खाद्य घोड्यापुढे कधीही ठेवू नये.

तोंडाने देता येईल अशी गोळी शेवटी मिळाली ती दोन औषधांच्या जोडीतून. जॉर्ज हिचिंग्ज आणि गरट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेत ट्रायमेथोप्रिम तयार झालं. (या दोघांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं.) जंतूला वाढायला फोलेट लागतं आणि ते त्याला स्वतः बनवावं लागतं. आपण आणि घोडा ते अन्नातून घेतो. सल्फा या बनवण्याची एक पायरी अडवतं, ट्रायमेथोप्रिम पुढची. घराचे दोन दरवाजे एकाच वेळी बंद करावेत तसं. १९६८ मध्ये ही जोडी माणसांसाठी बाजारात आली आणि लवकरच घोड्यांकडे गेली. मागच्या आतड्यातले जे जंतू हवेशिवाय जगतात, त्यांना ही जोडी तुलनेने कमी त्रास देते, म्हणून ती चालली. १८९९ चा कायदा आणि १९६८ ची गोळी, मधे जवळजवळ सत्तर वर्षं!

मात्रा ऐकाल तर गंमत वाटेल. किलोमागे ३० मिलिग्रॅम धरलं तर ४५० किलोच्या घोड्याला एका वेळी साडेतेरा ग्रॅम. आपल्या दुप्पट ताकदीच्या गोळ्या मोजायच्या तर चौदा, आणि त्या दिवसातून दोनदा. म्हणून आता ती लुगदीच्या रूपात, मोठ्या पिचकारीतून मिळते. घोड्याच्या पुढच्या आणि दाढेच्या दातांमधे जिथे लगाम बसतो तिथे मोकळी हिरडी असते, त्या फटीतून जिभेच्या मुळाशी ती सोडायची आणि गिळेपर्यंत तोंड जरा वर धरायचं. सालोत्र्याचा गुळातला गोळाच तो, नव्या वेषातला.

पण ही गोळीही जादूची नाही. काही घोड्यांना तिनेही जुलाब होतात. आणि पू साठलेला असेल तिथे ती लंगडी पडते, कारण जंतूला स्वतः बनवावा लागणारा माल पुवात आयताच मिळतो. स्ट्रँगल्स या रोगात घोड्याच्या जबड्याखालच्या गाठी पिकतात. तेव्हा आजही पहिला इलाज म्हणजे शेकणं, गाठ पिकू देणं आणि तिचा निचरा करणं. आपल्या आज्या गळवावर पोटीस बांधायच्या, त्यात तथ्य होतं.

या सगळ्या वाचनात मनाला सर्वांत लागली ती स्वीडनमधली एक हकिगत. शिंगरांना ऱ्होडोकॉकस इक्वी नावाच्या जंतूमुळे फुप्फुसात पू होतो. हा जंतू १९२३ मध्ये स्वीडनमध्येच मॅग्नुसन यांनी ओळखला. १९८० च्या दशकापासून त्यावर एरिथ्रोमायसिन आणि रिफॅम्पिसिन ही जोडी तोंडाने देऊ लागले आणि मरणारी शिंगरं वाचू लागली. पण शिंगरू सुधारत असताना त्याची आईच जुलाबाने मरायची! घोडीला तर कुणी काहीच औषध दिलेलं नव्हतं. व्हिवेका बोवेरूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये याचा उलगडा प्रसिद्ध केला. शिंगराच्या शेणात औषध उतरत होतं, आणि एकाच ठाणात राहणाऱ्या आईच्या पोटात त्याचा अंश जात होता. तेवढ्याने तिच्या आतड्यातली घडी मोडली आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल हा जंतू माजला. शिंगराला लागतं त्याच्या किती तरी कमी औषध! ज्या औषधाने लेकरू वाचलं त्याच औषधाने आई गेली. औषध ज्याला दिलं त्याच्यापाशीच थांबतं, ही आपली समजूत किती भाबडी आहे, ते या घोडीने शिकवलं.

दुसरा धडा अमेरिकेत केंटकीच्या स्टड फार्मांवर मिळाला. तिथे शिंगरं लाखमोलाची. आजार दिसायच्या आधीच सोनोग्राफी करायची आणि फुप्फुसात डाग दिसला की औषध सुरू, अशी पद्धत पडली. त्यातली पुष्कळ शिंगरं औषधाशिवायही बरी झाली असती, हे नंतर अभ्यासांतून दिसलं. पण तोवर त्या जमिनीत आणि त्या शेणात औषधाला न जुमानणारे जंतू तयार झाले. ज्या एका जोडीवर सगळी भिस्त होती तीच हळूहळू बोथट होऊ लागली. काळजीपोटी केलेलं होतं ते, हावरेपणाने नव्हे. म्हणूनच त्यातून शिकण्यासारखं जास्त आहे.

आणि शेंबा? तो गेला असं सगळे समजत होते. २००६ मध्ये तो महाराष्ट्रात पुणे आणि पाचगणी भागातल्या घोड्यांत पुन्हा आढळला, पुढे इतर राज्यांतही. हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राच्या शास्त्रज्ञांनी तपास केला. तेव्हा कायदा १८९९ चाच लागू होता, तो २००९ च्या नव्या कायद्याने बदलला. पण मार्ग तोच आहे. शेंब्याच्या जंतूला मारणारी औषधं आज आहेत, माणसाला ती देतातही. घोड्याला मात्र देत नाहीत, कारण वरून बरा दिसणारा घोडा आतून जंतू बाळगत राहू शकतो. म्हणून बाधित घोडा संपवावा लागतो. पर्यटकांना फेरी मारून पोट भरणाऱ्या घोडेवाल्याच्या दृष्टीने १८९९ आणि २००६ यात काय फरक पडला? आता सुई असते, बंदूक नसते, एवढाच.

मला यात जी गोष्ट महत्त्वाची वाटते ती अशी. उद्या साध्या जखमेवरची, साध्या खोकल्यावरची गोळी चालेनाशी झाली, तर शेंब्यापुरता उरलेला हा जुना इलाज बाकीच्या आजारांकडेही परत येईल. घोड्यापाशी आधीच तोंडाने घेण्याजोगी औषधं मोजकी आहेत. त्याला पर्याय फार नाहीत, आणि तो ते सांगू शकत नाही. आपण माणसं सांगू शकतो, तरी घरातल्या डब्यात उरलेल्या गोळ्या ठेवतो, शेजाऱ्याला देतो, कुत्र्यालाही देतो. सरकारने २०१६ मध्ये प्रतिजैविकांच्या पाकिटावरच्या लाल रेघेबद्दल मोहीम काढली, आणि २०१९ मध्ये कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतलं औषध खाद्यासाठी पाळलेल्या जनावरांना द्यायला बंदी केली. पाकिटावर ती लाल उभी रेघ दिसली की डॉक्टरला, किंवा जनावर असेल तर पशुवैद्याला, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि सांगितलेले दिवस पुरे करायचे. एवढं तर आपल्या हातात आहे.

जाता जाता एक विनंती. आपल्यापैकी काहींच्या घराण्यात पागा होती, काहींचे आजोबा टांगा चालवत. कुणाकडे घोड्याच्या औषधांची जुनी वही, मोडीतली असली तरी, माळ्यावर पडलेली असेल, तर ती रद्दीत घालू नका. मला कळवा. मोडी मला अजून वाचता येते.